बॅटरीवांचून फिरतें घर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटारीच्या मागें जोडून गांवोगांव नेण्याचीं लहान घरें पुष्कळ आहेत. त्यांना तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. मुलाबाळांकडे त्या देशास जाऊन आलेल्या मराठी मंडळींनीं हमरस्त्यावर तीं पाहिलींही असतील. दोन आंसांवर बसविलेली वीस-पंचवीस फूट लांबीची एक खोली. तींत निजावयाच्या फळ्या, चूल, मोरी, शीतकपाट, पाण्याची टाकी, थंडीसाठीं गॅसची भट्टी आणि डोक्यावर विजेचे दिवे. इकडे यात्रेस निघालेला शेतकरी बैलगाडीवर तट्ट्या बांधून तींत चार दिवसांचा संसार मांडीत असे, त्याच जातीची ही सोय आहे. फरक इतकाच कीं, बैलांच्या जागीं मोटार आली आणि कंदिलाच्या जागीं वीज.

आजचा विषय ही वीजच आहे, आणि तीहि एका विशेष प्रश्नाच्या अनुषंगानें. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांडीवर एक किंवा दोन बॅटऱ्या ठेवलेल्या असतात. त्या काढून टाकल्या तर घरांतील विजेची व्यवस्था चालेल काय? हा प्रश्न तेथील ट्रेलरवाले एकमेकांस वरचेवर विचारीत असतात. विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ असें उत्तर हवें असतें, कारण नवी बॅटरी म्हणजे खर्च. आणि ‘हो’ म्हणणारेही त्याला हटकून भेटतात. तें उत्तर खोटें नाहीं, पण अर्धें आहे. राहिलेल्या अर्ध्यांत माणसांच्या जिवाची गोष्ट आहे, म्हणून तें नीट समजून घेणें जरूर आहे.

ट्रेलरमध्यें दोन प्रकारची वीज नांदते. पहिली बाहेरून येते. मुक्कामाच्या मैदानावर प्रत्येक जागेपाशीं एक खांब व त्यावर पेटी असते. तींत जाड केबलचें टोक खोंवलें कीं १२० व्होल्ट दाबाचा उलटसुलट प्रवाह घरांत येतो. हिला ते लोक ‘किनाऱ्याची वीज’ म्हणतात. समुद्र शेंकडों कोस दूर असला तरी नांव हेंच. कारण धक्क्याला लागलेल्या जहाजास जमिनीवरून वीज देण्याची जी पद्धत आहे, तिच्यावरून हा शब्द उचललेला आहे. लहान ट्रेलरची ही जोडणी ३० अँपिअरची असते, म्हणजे एका वेळीं फार तर ३,६०० वॅट. वातानुकूलनाचें यंत्र, मायक्रोवेव्ह आणि भिंतींतील प्लग हे या विजेवर चालतात.

दुसरी वीज घरची. ती १२ व्होल्टची व एकाच दिशेनें वाहणारी, मोटारीच्या बॅटरींत असते तशी. छतांतील दिवे, पाण्याचा पंप, भट्टीचा पंखा, पुढची दांडी वर उचलणारा विजेचा जॅक, खोलीचा एक भाग ड्रॉवरसारखा बाहेर सरकविणारी मोटर, गॅस गळूं लागल्यास ओरडणारा अलार्म, हीं सर्व या दुसऱ्या विजेचीं आश्रित आहेत. पाहुण्याला पहिली वीज मोठी वाटते, कारण तिची केबल जाड आणि तिचीं यंत्रें आवाज करणारीं. घराचा कारभार मात्र दुसरीच पाहत असते.

या दोहोंच्या मधें कन्व्हर्टर नांवाचें एक यंत्र बसविलेलें असतें. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रांतील घरोघर जो इन्व्हर्टर आला, त्याच्या नेमकें उलट काम हें करतें. इन्व्हर्टर बॅटरींतील एकदिक् प्रवाहाचा उलटसुलट प्रवाह करून पंखे-दिवे चालवितो. कन्व्हर्टर बाहेरच्या १२० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहापासून १२ व्होल्टचा सरळ प्रवाह तयार करतो, दिव्यांना पुरवितो आणि उरल्या शक्तीनें बॅटरी भरीत राहतो. मध्यम आकाराच्या ट्रेलरमध्यें बहुधा ५५ अँपिअरचा कन्व्हर्टर आढळतो. त्याचा दाब सुमारें १३.६ व्होल्ट धरला तर हें साडेसातशें वॅटचें काम झालें.

नळ आणि टाकी यांचें उदाहरण येथें चांगलें लागू पडतें. कन्व्हर्टर हा नळ, बॅटरी ही गच्चीवरची टाकी. नळाला धार आहे तोंवर टाकी असली काय नि नसली काय, तांब्याभर पाण्याला अडत नाहीं. परंतु चार बादल्या एकदम भरावयाच्या झाल्या कीं नळाची धार अपुरी पडते, नळ थबकत-थबकत येऊं लागला कीं टाकीच ती उणीव झांकते, आणि नळ गेला कीं टाकीवांचून दुसरा आधारच नसतो. बॅटरीचीं हींच तीन कामें आहेत. ट्रेलर न हलवितां मैदानांत उभा ठेवणाऱ्यास पहिलें क्वचित् जाणवतें, दुसरें जुन्या यंत्रावर जाणवतें, आणि तिसरें जाणवतें तेव्हां बहुधा मध्यरात्र असते.

लोक मुळांत बॅटरीवांचून राहतात तरी कां, हें पाहूं जातां कारणें अगदीं साधीं निघतात. शिसें आणि गंधकाम्ल यांच्या या बॅटरीचा शोध फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें १८५९ मध्यें लावला. तेव्हांपासून तिचे गुण बदलले नाहींत, तसे खोडसाळपणेही गेले नाहींत. ती रिकामी ठेवली तर खराब होते. सतत भरीत ठेवून पाण्याकडे दुर्लक्ष केलें तर तिचें पाणी उडून पट्ट्या उघड्या पडतात. थंडींत आणखी एक संकट. भरलेल्या बॅटरींतील आम्ल सहसा गोठत नाहीं. उतरलेल्या बॅटरींत मात्र जवळजवळ पाणीच उरतें, आणि तें शून्याखालीं सात-आठ अंशांवर गोठून तिचें कवच फोडतें. म्हणून उत्तरेकडील राज्यांतले शहाणे लोक हिवाळ्याआधीं ती काढून घरांत नेऊन ठेवतात. कांहीं ठिकाणीं ती चोर काढून नेतात. दांडीवर उघड्यावर असल्यामुळें त्यांना तें सोपें जातें. आणि कांहीं माणसें अशीं आहेत कीं त्यांचा ट्रेलर वर्षानुवर्षें एकाच जागीं उभा असतो. घरभाडें परवडत नाहीं म्हणून त्यांनीं तेंच घर केलेलें असतें. अशांची बॅटरी मेली तर तिच्या जागीं नवी आणण्याची निकड त्यांना वाटत नाहीं, कारण मैदानावरची वीज चालूच असते आणि दिवे लागतच असतात.

तर आतां अर्धें उत्तर आधीं देऊन टाकूं. ट्रेलर मैदानावर उभा आहे, केबल खोंवलेली आहे, कन्व्हर्टर अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक बनावटीचा आहे, तर बॅटरीवांचून घर चालतें. दिवे लागतात, पंप पाणी चढवितो, भट्टी पेटते. असल्या कन्व्हर्टरमधून निघणारा प्रवाह संथ असतो आणि त्याला बॅटरीच्या आधाराची गरज नसते. पूर्वीच्या बल्बचा एक दिवा दीड अँपिअर खाई. आजचे एलइडी दिवे त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शांत भागवितात. भट्टीचा पंखा सात ते दहा अँपिअर घेतो, पंप पांच-सात. सगळें एकदम चालू केलें तरी ५५ अँपिअरच्या आंत बसतें. येथपर्यंत ‘हो’ म्हणणारे बरोबर आहेत.

जुन्या ट्रेलरांची गोष्ट मात्र निराळी. त्यांतील कन्व्हर्टर म्हणजे एक जड रोहित्र आणि प्रवाह एकाच दिशेस वळविणारे थोडे भाग. त्यांतून बाहेर पडणारा प्रवाह एकाच दिशेचा खरा, पण सेकंदाला १२० वेळां तो चढतो आणि उतरतो. दिव्याच्या तारेला या चढउताराचें सोयर-सुतक नसतें. ती तापलेली असते ती तापलेलीच राहते. पण रेडिओ गुणगुणूं लागतो, आणि भट्टीच्या किंवा शीतकपाटाच्या नियंत्रणाची पाटी भलतेंच वागते. अशा घरांत या नाजूक वस्तूंना बॅटरीच्या बाजूनें वीज दिलेली असे, कारण त्या लाटा बॅटरी गिळून टाकीत असे. बॅटरी काढतांच लाटा थेट आंत शिरतात. जुना ट्रेलर विकत घेऊन बॅटरीवांचून चालविणाऱ्यानें ‘दिवे तर लागतात’ एवढ्यावर समाधान मानूं नये.

मोटरांचेंही असेंच. मोटर फिरूं लागतांना पहिल्या क्षणीं नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. दांडी उचलणारा जॅक भाराखालीं पंचवीस-तीस अँपिअरपर्यंत जातो; खोली सरकविणारी मोटर त्याहूनही अधिक मागूं शकते. बॅटरी असली कीं ती हा धक्का सोसते. ती नसेल तर कन्व्हर्टर आपली मर्यादा ओलांडूं देत नाहीं. दाब कोसळतो, दिवे मंदावतात, आणि खोली अर्धी आंत, अर्धी बाहेर अशी अडकून बसते. निघावयाच्या सकाळीं हा प्रकार झाला म्हणजे सगळ्या कुटुंबाचा दिवस जातो.

बॅटरी काढणाऱ्यानें आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. तिच्या तारांचीं मोकळीं टोकें निर्जीव नसतात. किनाऱ्याची वीज चालू असतांना कन्व्हर्टर त्याच टोकांवर १३.६ व्होल्टचा दाब आणून ठेवीत असतो. हात लावल्यास विशेष कांहीं होत नाहीं. पण तीं एकमेकांस किंवा लोखंडी सांगाड्यास लागलीं तर ठिणग्या उडतात आणि फ्यूज जातो. शेजारींच गॅसचीं नळकांडीं असतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे प्रत्येक टोकावर निराळी पट्टी कां गुंडाळावी, हें समजावून सांगावें लागत नाहीं. शिवाय रंगांचा एक घोटाळा आहे. मोटारींत काळी तार ऋण असते. पुष्कळ ट्रेलरांत मात्र बॅटरीची काळी तार धन आणि पांढरी ऋण असते, घरांतील १२० व्होल्टच्या रंगांशीं मेळ ठेवण्यासाठीं म्हणे! हे दोन व्यवहार एकाच दांडीवर एकत्र आणणाऱ्यानें मोठी सोय केली असें म्हणवत नाहीं. मोटारीची संवय असलेला मनुष्य वसंतांत बॅटरी परत बसवितांना तारा उलट जोडतो आणि कन्व्हर्टरचे फ्यूज उडवितो. तारा सोडण्यापूर्वींच त्यांवर धन-ऋण अशा चिठ्ठ्या बांधल्या तर हा त्रास मुळींच होत नाहीं.

आतां राहिलेलें अर्धें. किनाऱ्याची वीज गेली तर काय?

२०२१ च्या फेब्रुवारींत टेक्सस राज्यावर भयंकर थंडी कोसळली. १५ तारखेच्या पहांटे वीजजाळें सांभाळणाऱ्या संस्थेनें भारनियमनाचा हुकूम सोडला, आणि त्या दिवसांत ४५ लाखांहून अधिक घरें व दुकानें अंधारांत गेलीं. कित्येक ठिकाणीं तो अंधार दिवसेंदिवस टिकला. १६ तारखेस डॅलसजवळ पारा शून्याखालीं १९ अंशांपर्यंत उतरला. शेंकडों लोक त्या संकटांत दगावले. कित्येक थंडीनें गारठून, आणि कांहीं तर ऊब आणण्यासाठीं बंद जागेंत मोटार किंवा जनित्र चालवून त्याच्या विषारी धुरानें. अशा रात्रीं मैदानावर उभ्या असलेल्या ट्रेलरचा विचार करून पाहा. दांडीवर प्रोपेन गॅसचीं दोन नळकांडीं भरलेलीं आहेत. प्रोपेन शून्याखालीं ४२ अंशांपर्यंत वायुरूप घेऊं शकतो, म्हणजे गॅस यावयास अडचण नाहीं. भट्टी शाबूत आहे. तरीही ती पेटणार नाहीं. कारण तिचा पंखा, तिची ठिणगी आणि तिची गॅसची झडप हीं तीन्ही १२ व्होल्टवर चालतात.

भट्टीची रचना मुद्दामच तशी केलेली आहे. पंख्याचा वारा पुरेसा वाहूं लागल्यावर त्या वाऱ्यानें शिडासारखी एक पातळ पट्टी ढकलली जाते, आणि ती ढकलली गेल्यावरच गॅस सोडला जातो. वारा नसतां ज्वाला पेटूं नये, भट्टी जळूं नये, यासाठीं ही योजना आहे आणि ती योग्य आहे. परंतु तिचा अर्थ असा कीं, वीज नाहीं तर ऊब नाहीं, गॅस कितीही असो. उलट दांडीवर ८० अँपिअर-तासांची एक साधी, भरलेली बॅटरी असती तर? तिचा निम्मा सांठा वापरण्याजोगा धरला, म्हणजे ४० अँपिअर-तास. पंखा ८ अँपिअरचा आणि तो निम्मा वेळ चालतो असें समजल्यास तासाला ४ अँपिअर-तास खर्च होतात. दहा तास, म्हणजे संध्याकाळपासून पहांटेपर्यंत, भट्टी चालते. हें काहीं फार नव्हे. पण लहान मुलांना निजवून एक रात्र काढण्यास तें पुरतें, आणि दुसऱ्या सकाळीं ओढणाऱ्या मोटारीची तार जोडून बॅटरी थोडीफार भरतांही येते.

शीतकपाटाची कथा थोडी विनोदी आहे. ज्वालेच्या उष्णतेनें थंडी निर्माण करणारें, एकही फिरता भाग नसलेलें यंत्र १९२२ मध्यें स्टॉकहोमला फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोघा तरुण विद्यार्थ्यांनीं योजलें. ट्रेलरांत पुष्कळ वर्षें हेंच कपाट वापरांत होतें आणि अजूनही कित्येकांत आहे. पूर्वी तें काडीनें पेटवीत आणि त्याला विजेचें नांवही ठाऊक नव्हतें. पुढें सोयीसाठीं त्याला विजेचें नियंत्रण बसविलें, आणि त्यामुळें १२ व्होल्ट गेले कीं गॅस असूनही कपाट बंद पडूं लागलें. सोय वाढली ती अशी! अलीकडच्या कित्येक ट्रेलरांत तर सरळ १२ व्होल्टवर चालणारें कॉम्प्रेसरचें कपाट देतात. त्याला बॅटरीवांचून क्षणभरही गति नाहीं.

दूध नासलें तर सोसतां येतें. गॅसचा अलार्म बंद पडणें निराळें. प्रोपेन हवेहून जड असल्यामुळें हा अलार्म जमिनीलगत, भिंतीच्या तळाशीं बसवितात. धुराच्या अलार्ममध्यें बहुधा स्वतःचा लहान सेल असतो. गॅसचा अलार्म मात्र बहुतेक ठिकाणीं घरच्या १२ व्होल्टलाच जोडलेला असतो. वीज गेली कीं त्याचा हिरवा दिवा मालवतो आणि तो मुका होतो. ओरडून सांगत नाहीं, नुसता मुका होतो. निजलेल्या माणसाला ही गोष्ट कळण्याचा मार्गच नाहीं. आणि त्याच रात्रीं थंडीनें कुडकुडणारा मनुष्य चुलीचे बर्नर पेटवून खोली तापविण्याच्या मोहांत पडण्याचा संभव सर्वांत जास्त. बंद खोलींत चूल पेटवून निजणें हें कोणत्याही परिस्थितींत करूं नये. बॅटरी नसलेल्या घरांत तर मुळींच नको.

हें झालें उभ्या घराचें. घर रस्त्याला लागलें म्हणजे सर्वांत गंभीर बाब पुढें येते.

ट्रेलरच्या चाकांना विजेचे ब्रेक असतात. प्रत्येक चाकाच्या डब्यांत एक विद्युच्चुंबक असतो. त्यांतून प्रवाह गेला कीं तो ओढला जाऊन ब्रेक लावतो. एरव्हीं हा प्रवाह पुढच्या मोटारींतून, सात टोकांच्या प्लगवाटे येतो. म्हणून बॅटरी काढलेला ट्रेलर मोटारीला जोडला तरी चालकानें पाय दाबतांच ब्रेक लागतात, मागचे दिवे लागतात, सर्व कांहीं सुरळीत दिसतें. येथेंच मनुष्य फसतो. समजा, चढावर आंकडा सुटला किंवा मोडला. सांखळ्या असतात; त्या तुटल्या तर कित्येक हजार पौंडांचें घर एकटें मागें धांवूं लागतें. त्याच झटक्यांत सात टोकांचा प्लगही उपटून निघतो. म्हणजे ज्या क्षणीं ब्रेक सर्वांत जास्त हवे, त्याच क्षणीं मोटारीकडून येणारी वीज संपते.

या प्रसंगासाठींच दांडीवर एक छोटी डबी बसविलेली असते. तींत एक खुंटी खोंवलेली, आणि खुंटीला बांधलेली बारीक पोलादी दोरी मोटारीच्या सांगाड्याशीं अडकविलेली. ट्रेलर सुटला कीं दोरी खुंटी उपटते, डबीच्या आंतले दोन पत्रे एकमेकांस मिळतात, आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरींतून प्रवाह थेट चारही चुंबकांत जातो. व्यापारी वाहनांकरितां त्या देशाच्या संघसरकारचा नियम असा आहे कीं, ट्रेलर सुटतांच ब्रेक आपोआप व तत्काळ लागले पाहिजेत आणि निदान १५ मिनिटें लागलेले राहिले पाहिजेत. खासगी ट्रेलरांसाठीं निरनिराळ्या राज्यांचे आपापले कायदे आहेत. ठराविक वजनावरील ट्रेलरला पुष्कळ राज्यांत ही डबी सक्तीची आहे. बॅटरी काढली तरी डबी जागेवर असते, खुंटी जागेवर असते, दोरी नीट बांधलेली असते. पाहणाऱ्याला सर्व कांहीं यथास्थित दिसतें. त्यामागें वीज मात्र नसते. मागून येणाऱ्या मोटारींतल्या अनोळखी कुटुंबाचा जीव या न दिसणाऱ्या उणिवेवर टांगलेला असतो, आणि त्यांची संमति कोणीही घेतलेली नसते.

यावर उपाय स्वस्त आहे. घोडे किंवा सामान वाहणाऱ्या ट्रेलरांसाठीं पांच अँपिअर-तासांच्या आसपासची एक लहान, बंद बॅटरी तिकडे स्वतंत्र मिळते. तिच्या डब्यांतच तिला भरणारें यंत्र असतें. ज्याला मोठी बॅटरी ठेवावयाची नाहीं त्यानें निदान ही बसवावी. तिचा हिशेब मात्र समजून घ्यावा. एका चुंबकाला सुमारें ३ अँपिअर लागतात. दोन आंसांचीं चार चाकें धरलीं तर १२. पंधरा मिनिटांचे झाले ३ अँपिअर-तास. कागदावर पांचांतून तीन जाऊन दोन उरतात. परंतु बॅटरी भरभर उपसली म्हणजे ती आपला पूर्ण सांठा देत नाहीं, आणि दोन हिवाळे पाहिलेली बॅटरी तर त्याहून कमी देते. म्हणून बॅटरी घेतांना ती किती आंसांसाठीं आहे तें वाचून घ्यावें. कांहीं ट्रेलरांत बॅटरी तोडण्याचा एक स्विच असतो. तो बंद ठेवला तरी डबीला वीज मिळत राहावी अशी जोडणी पुष्कळ ठिकाणीं असते, पण सर्वत्र नसते. तेव्हां ज्याचें घर त्यानें तें तपासावें.

तपासण्याची रीत अशी. सपाट जागीं ट्रेलर मोटारीला आंकड्यानें जोडावा, पण सात टोकांचा प्लग काढून ठेवावा. किनाऱ्याच्या विजेची केबलही सोडावी. ती तशीच राहिली तर बॅटरीच्या जागीं कन्व्हर्टरच ब्रेकना वीज पुरवितो आणि परीक्षा खोटी ठरते. मग खुंटी उपटून मोटार अगदीं हळू पुढें घ्यावी. चाकें आवळलेलीं राहिलीं तर बॅटरी, तारा व ब्रेक तिन्ही ठीक आहेत. चाकें मोकळीं फिरलीं तर दुरुस्ती होईपर्यंत घर रस्त्यावर आणूं नये. पोलादी दोरी सांखळ्यांना न बांधतां मोटारीच्या सांगाड्यालाच बांधावी, कारण सांखळी तुटली तर तिच्याबरोबर दोरीही निरुपयोगी होते. परीक्षा संपतांच खुंटी लगेच परत खोंवावी. ती बाहेर राहिली तर चुंबकांचीं वेटोळीं तापतात आणि निघण्यापूर्वींच बॅटरी उतरून बसते.